कोथरूड ते शैलामावशी: तोंड बंद ठेवून केलेला बसप्रवास

आधी कबूल करतो, मग रस्ता सांगतो. गेला महिनाभर मी आमच्या आत्याच्या वस्तू लपवत होतो. चष्मा फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीत. साखरेच्या डब्यात मीठ. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान एक महिना पुढे. ती शोधत फिरायची आणि मी दाराआडून व्हिडिओ काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकायचो.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पोस्टातून रिटायर झाली, लग्न केलं नाही, कोथरूडला आमच्याबरोबरच राहते. जीभ अशी की सोसायटीचा चेअरमन तिला लांबून बघून जिना बदलतो. म्हणून तर मजा यायची. पण मग ती चिडायचीच बंद झाली. चष्मा सापडला की गपचूप पुसून घालायची. कॅलेंडरसमोर तर बराच वेळ उभी होती, बोटांवर काहीतरी मोजत. तो व्हिडिओ मी कुणालाच पाठवला नाही. ग्रुपवरचे पण उडवले.

त्यानंतर घरात नवीनच प्रकार सुरू झाले. पहाटे टेकडी. रात्रीचं जेवण लवकर. झोपताना मोबाइल स्वयंपाकघरात. डाव्या हाताने दात घासणं. शनिवारी मोडी लिपीचा क्लास. या वयात डोकं शाबूत ठेवायचं तर हे सगळं करावं, असं तिने वाचलं होतं. आई म्हणाली, "ताईंनी एकदम काय मनावर घेतलंय?" मला माहीत होतं. मी खाली मान घालून पोळी खात राहिलो.

मग एका रविवारी आत्या म्हणाली, "ओम्या, चप्पल घाल. शैलाकडे जायचंय. बसने. फोन घेणार नाही, कुणाला विचारणार नाही. माझी मी पोचते का ते बघायचंय."

"मग मी कशाला?"

"नाही पोचले तर परत कोण आणणार? तोवर तोंड उघडायचं नाही. तुला झेपणार नाही, पण प्रयत्न कर."

शैलामावशी म्हणजे आत्याची पोस्टातली मैत्रीण. राहते हडपसरला. लहानपणी आम्ही तिकडे खूप जायचो, तिच्या गच्चीवरून मी लोकांच्या डोक्यावर पाणी टाकायचो.

तर रस्ता. कोथरूड डेपोवरून स्वारगेटची बस. तुम्ही कुणा वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, म्हणजे बसायला जागा मिळते. आणि दिवसाचा पास काढा, सारखं तिकीट काढायची कटकट नको. आत्या खिडकीत बसली आणि ओठ हलवत दुकानांच्या पाट्या वाचत होती. कर्वे रोडवर एक ओळखीचं दुकान दिसलं नाही, तिथे आता मोबाइलवाला होता. तिने मान मागे वळवून पुन्हा बघितलं. ती काय आठवायला बघतेय आणि तिला काय सापडत नाहीये, हे मला विचारता येत नव्हतं.

स्वारगेटला चहा आणि क्रीमरोल. तिथला चहा पाणचट आहे, क्रीमरोल चांगला. आत्याने तोंड पुसलं, पर्स काखेत मारली आणि सरळ जाऊन धायरीच्या बसमध्ये बसली.

हडपसर पूर्वेला. धायरी सिंहगड रोडला.

मी तिच्या मागच्या सीटवर बसलो. बस सुटली. दांडेकर पूल गेला. राजाराम पूल गेला. मी खोकलो. तिने बघितलं पण नाही. एवढ्या विश्वासाने बसली होती की मला रडू यायला लागलं. शेजारी एक धायरीच्या काकू पालेभाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"पोरा, बरं न्हाई का? लई घाम आलाय."

"काही नाही."

"मळमळत आसंल तर खिडकीकडं सरक. माझ्या भाजीवर नगं."

माझ्या डोक्यात एकच चालू होतं: हे मी केलं. रोज सांगत होतो ना तिला, की तू विसरतेस. आता खरंच विसरली.

आत्या धायरीत उतरली. एक गल्ली सोडली, दुसरीत वळली, एका बिल्डिंगचे दोन जिने चढली आणि बेल दाबली. दार उघडलं शैलामावशीने.

"हडपसर," मी म्हणालो. तोंड उघडलंच शेवटी.

आत्या म्हणाली, "शैला मुलाकडे राहायला आली त्याला दोन वर्षं झाली. तिचे माठ आणि कपाटं टेम्पोतून तूच उतरवलीस. जेवलास पण. आठवत नाही?"

नव्हतं आठवत. मी एवढा हसलो की मावशीच्या सुनेने पाणी आणून दिलं. थालीपीठ आलं, लोणी आलं. मावशीने आता कानाला मशीन लावलंय. म्हणाली, "ऐकू येईना तशी मी बोलणंच सोडलं होतं. मग डोकंसुद्धा गप्प बसायला लागलं. आता संध्याकाळी खाली बायकांबरोबर पत्ते खेळते, आणि भांडते."

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात आत्याने ताट बाजूला केलं आणि मावशीला हळू आवाजात एकेक सांगायला लागली. चष्मा, मीठ, कॅलेंडर. मी थालीपीठाचे तुकडे करत ऐकत होतो. आता कबूल करून टाकावं, शिव्या खाव्यात आणि मोकळं व्हावं, असं ठरवत होतो.

"आणि गेल्या आठवड्यात," आत्या म्हणाली, "टेकडीवरून आले आणि बी विंगमध्ये गेले. दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावत बसले. लागेना म्हणून कुलपावर चिडले. आपलं घर ए विंगमध्ये आहे हे मला आठवेचना, शैला. मग आतून कुत्रं भुंकलं. आपल्याकडे कुत्रं नाही, एवढं कळलं."

ते मी केलं नव्हतं.

मावशीने आत्याचं ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "मी कान दाखवला, तू डोकं दाखव. टेकडी आणि मोडी चालू राहू दे, पण दाखव. या आठवड्यात."

परतीच्या बसमध्ये आत्या माझ्या शेजारी बसली. वडगावच्या पुढे तिने माझा दंड धरला, तो स्वारगेटपर्यंत सोडला नाही. मला वाटतं मीही तिचा धरला होता.

मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. ती रक्त द्यायला गेल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"चष्मा, मीठ, कॅलेंडर तुझं. दार तुझं नाही, नक्की?"

"नक्की."

"मग ते मला बघू दे. यात तपासून बरं करण्यासारखंही काही निघू शकतं. त्यांचं चालणं, झोप, माणसांत जाणं बंद पडू देऊ नकोस. आणि तू थांब."

मी थांबलोय. घरात आता काही हरवत नाही. आत्या परवा आईला म्हणाली, "बघितलंस ना, टेकडीचा गुण." सोमवारी रिपोर्ट आणायचेत आणि पुन्हा डॉक्टरांना भेटायचंय. तिला जर आता कळलं की ते उद्योग माझे होते, तर ती म्हणेल सगळंच या कार्ट्याने केलं. दारसुद्धा त्यातच ढकलून देईल आणि सोमवारी घरातून हलणार नाही. मार खायला मी तयार आहे, पण डॉक्टरांचं झाल्यावर. रात्री तिच्या खोलीतला दिवा बंद झाला की मी उठून मुख्य दाराची कडी बघतो, मग झोपतो.

तुम्ही कोथरूडचे असाल, आणि टेकडीवर पांढरे बूट घातलेली, भराभर चालणारी एक बाई दिसली, तर नमस्कार करा, दोन शब्द बोला, तिला ते चांगलं असतं. पण हे नाही. पाया पडतो तुमच्या, कुणालाही सांगू नका.