जीपची खांद

इंजिन बोंबलून राहिलं होतं, पन जीप चढून नाई राहिली! वलगावच्या अलीकडं जो चढ आहे ना, तिथं मी ॲक्सिलरेटर पूरा दाबला. आवाज असा झाला का बाजूच्या वावरातले बगळे उडाले. गाडी मात्र बसलेल्या बैलासारखी. हाले ना डुले.

"पाह्यलं?" बाजूले बसलेला वसंता म्हने. "मी का खोटं बोलून राहिलो होतो?"

"क्लच घसरते बाप्पा. वास येऊन राहिला का तुले?"

"येऊन राहिला. भूक लागली मले त्यानं."

आता क्लच घसरला का जळका वास येतेच. पन तो कसा, जुनी चप्पल चुलीत टाकल्यावानी. त्यानं कोनाले भूक लागत नाई. मी त्याच्या बोलण्यावर हासलो अन् सोडून देलं.

मी अमरावतीले उस्तादच्या गॅरेजात मेकॅनिक आहो. लढाई सरल्यावर मिलिटरीच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या, तवापासून आमाले श्वास घ्यायले टाइम नाई. चारही चाकं ओढनारी गाडी म्हंजे आमच्या काळ्या मातीत देवच! वसंता अन् त्याचा थोरला भाऊ दादाराव, दोघं वलगावचे भाजीवाले. मळा नदीकाठी, अन् पावसाळ्यात तिथून सडकेपर्यंत बैलगाडी आसापर्यंत रुतते. म्हनून त्याईनं बैलजोडी विकली अन् जीप घेतली. दादारावाच्या मनात नव्हतं. अन् आता पोळा होऊन चारच दिवस झाले, त जीप अशी. महालक्ष्म्या तोंडावर. सोळा भाज्यांचा नैवेद्य, अकोल्याच्या व्यापाऱ्याले माल देतो म्हनून जबान देलेली. दादारावानं वसंताले साफ सांगतलं होतं, "हा माल हिनं अकोल्याले नेला त ठीक. नाई त पातूरचा गिऱ्हाईक उभाच आहे. जीप त्याले, अन् बैल आपल्याले."

क्लच म्हंजे काय ते सांगतो, मले सांगायले लय आवडते. इंजिनाच्या मांगं एक जड लोखंडी चाक फिरते, फ्लायव्हील. त्याले चिकटून एक प्लेट असते, तिच्यावर खरखरीत लायनिंग. स्प्रिंगा तिले फ्लायव्हीलवर दाबून धरते, जशी मूठ दोर धरते. मूठ पक्की असली त इंजिनाचा जोर चाकाले भेटते. पेडल दाबलं का मूठ सुटते, तवा गेर बदलाचा. मूठच निसटून राहिली त इंजिन फिरते, गाडी नाई.

दोरानं बांधून जीप गॅरेजात आनली. खातरी करासाठी टॉप गेरात टाकली, हँडब्रेक ओढला अन् क्लच हळूच सोडला. चांगल्या गाडीचं इंजिन खच्चकन बंद पडते. हे आपलं गुरगुरतच राहिलं.

पहिला शक मले वसंतावरच आला. तो बैलगाडीच्या धुरीवर बसून, बैलाले पायानं डिवचून मोठा झाला. असे गडी डावा पाय पेडलवर ठेवूनच गाडी हाकते, अन् मूठ अर्धी सुटीच राहते. पन पेडल पाह्यलं त बरोबर, जितकं ढिलं पायजे तितकं.

"इंजिनाचं तेल प्लेटवर गळत असन," मी उस्तादले म्हटलं.

"असन-बिसन नको बोलू. खोल के देख."

गेरबॉक्स उतरवनं म्हंजे गाडीखाली पाठीवर झोपून, छातीवर बकरा घेतल्यासारखं. उतरवला. प्लेट बाहेर काढली. इंजिनाचं तेल असतं त प्लेट काळी झाली असती. हे त पिवळी! मधात काळी जळलेली, काठाले पिवळीजर्द, अन् हाताले बुळबुळीत.

उस्तादनं बोट लावलं, वास घेतला. माह्याकडं पाह्यलं. "अबे, ये तो घी है! हल्दी भी है!"

तेवढ्यात दादाराव शेजाऱ्याच्या बैलगाडीत मायले घेऊन आला. माय म्हंजे दोघाईची आई, पक्की सत्तरीतली. दादारावानं प्लेट पाह्यली, नाकाशी नेली, अन् मायकडं वळला.

"माय, हे काय केलं वं?"

"काय केलं म्हंजे? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची जुवाखालची खांद शेकतो का नाई आपन, हळद-तुपानं? बैल त तुमी विकले. आता ओढते कोन? हेच ना? मंग हिची खांद शेकली."

"गाडीले खांद कुठून आली?"

"मी वसंताले इचारलं. त्यानं बोट दाखवलं, म्हने पूरा जोर इथून जाते."

वसंता छपराकडं पाहून राहिला.

"मी बोट दाखवलं माय. तूप ओत म्हटलं का?"

"तिथं झाकन होतं ना! झाकन मानूस कायले ठेवते? उघडासाठीच ना? घरचं तूप होतं, गरम करून ओतलं."

ते झाकन आमच्यासाठी असते. त्यातून फ्लायव्हीलवरची टायमिंगची निशानी दिसते. मी मायजवळ बसलो. "माय, बैलाची खांद नरम पायजे. हिची खरखरीत पायजे. तुपाच्या हातानं विहिरीचा दोर ओढता येते का?"

माय हळूच म्हने, "म्हंजे माह्यानं गेली का गाडी?"

दादारावानं प्लेट खाली ठेवली.

"कुछ नहीं गया, माँजी," उस्ताद म्हने. "चाय पिओ."

मंग आमी भिडलो! तूप प्यालेलं लायनिंग धुऊन सुधरत नाई, म्हनून जुने रिबेट, म्हंजे लायनिंग धरनारे खिळे, काढले अन् नवं लायनिंग तांब्याच्या रिबेटांनी ठोकलं. रिबेटाची टोपी लायनिंगच्या आतच दबली पायजे, वर राहली त फ्लायव्हीलले ओरखडते. फ्लायव्हील पेट्रोलनं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं. हँडब्रेक ओढून पुन्हा तीच परीक्षा घेतली. खच्च! इंजिन बंद. इंजिन बंद पडल्यावर टाळ्या वाजवनारे आमीच असू.

माल भरला त्या दिवशी मी मुद्दाम मळ्यात गेलो. दोडके, कारली, गवार, भोपळे, मांगं ट्रेलर, त्यावर दादाराव. चिखल आसापर्यंत. वसंतानं चारही चाकं जोडली, क्लच सोडला, अन् जीप अशी निघाली का दादारावाची टोपी चिखलात पडली. टोपी घ्यायले तो उतरला नाई. थेट अकोला!

पातूरचा गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेला. पन माय कुठं ऐकते! "वर्षभर ओढन अन् पोळ्याले कोरडीच राहन का?" म्हनून गॅरेजात येऊन बसली. शेवटी उस्तादनं तिले ट्रेलर अडकवाचा मांगचा हूक दाखवला. जोर तिथंही पडते. आता दर पोळ्याले तो हूक हळद-तुपानं चमकते, अन् त्याले गंज चढत नाई.

मी मात्र एक शिकलो. गाडी देतानी तेल कुठं घालाचं ते सगळेच सांगते. मी कुठं घालाचं नाई तेही सांगतो. अन् तरी भरवसा नाई, म्हनून ते झाकन तारेनं बांधून देतो.