अर्धं किट

घानातल्या कुमासी शहरात, सुआमे भागात, जिथे दिवसभर गाड्या खोलतात आणि जोडतात, तिथे माझं सीटकव्हर शिवायचं दुकान आहे. शेजारच्या लोखंडी कंटेनरात दुफी सुटे भाग विकते. दोघांच्या मधे नुसता पत्रा, त्यामुळे तिचं प्रत्येक भांडण मला फुकटात ऐकायला मिळायचं.

"ताई, काहीतरी कमी कर की," एखादा फिटर गयावया करायचा.

"कमी करायला तुझी उंची देवानं केलीय तेवढी पुरे. पैसे टाक."

अशी बाई. तिचा नवरा तावियाह माम्पोंगच्या रस्त्यावर व्हॅन चालवायचा. जाताना माणसं घेऊन घाट चढायचा, येताना यामच्या कंदांची पोती आणि जागा उरली तर पुन्हा माणसं. दिसायला दुफीच्या निम्मा, आणि बोलायला त्याहून कमी.

त्याच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली, त्या दिवशी मी तिच्याच बाकावर बसलो होतो. तावियाहच्या एका हातात गाडीच्या कंपनीचा पट्टा होता, नुसताच. कंपनीचं पूर्ण किट तेव्हा आमच्याकडे येत नसे. दुसऱ्या हातात बाहेरच्या कारखान्याचं खोकं. त्यात पट्टा, पट्टा ताणून धरणारी पुली आणि पाण्याचा पंप, सगळंच.

"कोणता घेऊ, दुफी? यात सगळं आहे."

"सगळं आहे, पण केलंय कुणी? पट्टा म्हणजे इंजिनाचं काळीज. काळजाला कुणी बाहेरचा माल लावतं का? कंपनीचाच घे. आणि सर बाजूला, गिऱ्हाईक उभं आहे."

"बरं बाई, घरच्या सरकारपुढे काय बोलायचं," असं म्हणत तो हसला आणि पट्टा घेऊन बदू फिटरकडे गेला.

वाळवंटाकडून धुळीचे वारे सुरू झाले, तेव्हा तो गेला. घाट उतरताना. गाडीत कंद विकणारी एक बाई होती, ती वाचली. ती सांगायची, "पुढून ठक् झालं आणि इंजिन गप्प. गाडी मात्र पळतेच आहे! वाऱ्याचासुद्धा आवाज नाही असं वाटलं मला. इंजिनाबरोबर ब्रेकही दगड झाला, तावियाह त्यावर अक्षरशः उभा राहिला होता आणि आम्हाला ओरडत होता, मागे सरका, मागे सरका." दरीकडे जाणारी गाडी त्याने जिवाच्या आकांताने डोंगराच्या अंगावर घातली. मागचे सगळे जगले.

मर्तिकाला लाल-काळी वस्त्रं नेसून सगळा गोतावळा जमला होता. तावियाहची बहीण आचिया भर मांडवात उठली. "नकली पट्टा विकला हिनं! गिऱ्हाइकांना फसवता फसवता नवऱ्यालासुद्धा!"

दुफी, जिच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकायची, ती गप्प राहिली. कारण कंपनीचं नाव छापलेल्या खोक्यातही कधीकधी नकली माल येतो हे तिला माहीत होतं. ती शंका आचियाच्या आधीच तिच्या मनात शिरली होती. परत आल्यावर तिने दुकानातले होते नव्हते तेवढे पट्टे मागच्या बाजूला नेऊन जाळले. रबराचा तो काळा धूर माझ्या कापडांतून आठवडाभर गेला नाही.

आणि मग ते सुरू झालं. भर दुपारी, चहूकडे हातोडे पडत असताना, ती एकदम मान वर करायची.

"भाऊ, सगळे थांबले का रे?"

"कोण थांबलं?"

"हातोडे. ऐक ना. काहीच नाही."

माझे तर कान किटलेले असायचे. ती मात्र टेबल घट्ट धरून उभी असायची, उतारावरच्या गाडीत उभं राहावं तशी. थोड्या वेळाने चेहऱ्यावर रंग यायचा. कुणी "ताई, कोणता घेऊ?" असं सहज विचारलं, तर ती भिंतीकडे तोंड करायची. तिला बाहेरचं काहीतरी लागलंय, असं लोक म्हणू लागले. तिचा मामा तिला चर्चच्या प्रार्थनेच्या तळावर, जिथे भुतं उतरवतात तिथे, घेऊन गेला. डोक्यावर तेल ओतलं, उपास करवले. ती वाळून परत आली, आणि ती शांतताही तिच्यासोबत परत आली.

अपघातात चेपलेली व्हॅन तेव्हापासून वर्षानुवर्षं बदूच्या आवारात पडून होती. तिच्यातून गवत वर आलं होतं. दुफी त्या गल्लीने कधी जात नसे. मग कळलं, भंगारवाले गाडी कापायला येणार आहेत. ती माझ्या दारात आली.

"भाऊ, चल माझ्याबरोबर. गाडी कापायच्या आधी तो पट्टा खरा होता का ते बघायचंय. एकटीनं नाही बघवणार."

बदूने पुढचं झाकण पहारीने उचकटलं. आतून तुटलेला पट्टा काढला, रॉकेलने पुसला, दुमडून आतले धागे पाहिले, दात पाहिले.

"पट्टा खरा आहे, ताई. कंपनीचाच."

दुफी खाली बसली. मला वाटलं, सुटली बिचारी. पण बदूचा हात अजून आतच होता. त्याने पुली काढली आणि फिरवून पाहिली. ती फिरेना. जळून निळी पडली होती.

"ही अडकली, म्हणून पट्टा घासत घासत तुटला. पुली जुनीच होती."

"मग बदलली का नाहीस?" दुफीने विचारलं.

बदूने फडक्याला हात पुसले. "मी म्हटलं होतं त्याला. तो म्हणाला, दुफीनं दिलंय तेवढंच घाल. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

परत येताना मी तिची समजूत घालायला गेलो. "आता आचियाचं तोंड तरी बंद होईल. नकली नव्हता म्हणून सांग सगळ्यांना."

"आणि उरलेलं कोण सांगणार?" ती म्हणाली.

शनिवारी आम्ही जामासीला तावियाहच्या आईकडे गेलो. दुफीने तुटका पट्टा आणि पुली म्हातारीपुढे ठेवली. "आई, पट्टा खरा होता. पण तावियाह पूर्ण किट मागत होता, मीच घेऊ दिलं नाही. अर्धंच दिलं."

म्हातारीने पुली उचलून दोन्ही हातांनी फिरवायचा प्रयत्न केला. आचिया दाराला टेकून उभी होती. "लहानपणापासून त्यानं कुणाचं ऐकलं नाही," ती म्हणाली. "आईचं नाही, माझं नाही. तुझंच तेवढं ऐकायचा." हा टोमणा होता की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. मग तीच आत गेली आणि जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कुटल्याचा आवाज येऊ लागला.

"जेवून जा," म्हातारी म्हणाली. दुफी जेवली. शेवटच्या घासापर्यंत.

आता दुफी पुन्हा पट्टे विकते. कंपनीची पूर्ण किटं येऊ लागली आहेत, चांगल्या कारखान्यांची बाहेरचीही असतात. कोणतं घ्यावं हे ती सांगत नाही. दोन्ही खोकी उघडते, पुली गिऱ्हाइकाच्या हातात देते. "फिरव. खरखरते का बघ. मग ठरव." नुसता पट्टा मात्र विकत नाही. ती शांतता अजून येते, पण दुफी आता कुणाला विचारत नाही.

परवा एक टॅक्सीवाला आला. तरुण, हसरा. "ताई, पट्टाच दे फक्त. माझी पुली ठणठणीत आहे."

"नाही मिळणार."

"का गं? समोर दिसतोय की."

"नाही म्हटलं ना!"

तो खांदे उडवत समोरच्या दुकानात गेला, आणि तिथून नुसता पट्टा घेऊन निघालाही. दुफी दारात येऊन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तो गाड्यांच्या गर्दीत दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे वळली.

"सुखरूप आहे का, हे आता कुणाला विचारायचं? नाव तरी विचारायला हवं होतं रे त्याचं," ती म्हणाली.