उजव्या डोळ्यातलं लोखंड

मला एका जागी बसवत नाही आणि ह्यांना एका जागेवरून उठता येत नाही. दोन वर्षांपूर्वी विश्रांतवाडीत ह्यांची स्कूटर घसरली, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून घराची अशी वाटणी झाली आहे. मी आवरलेली कपाटं पुन्हा आवरत फिरते आणि हे खुर्चीतून म्हणतात, "अगं, टेक जरा. तुझ्याकडे बघून मला दम लागतो."

एका हॉस्पिटलात अशा पेशंटवर मूळ पेशींचा प्रयोग चालला होता. ह्यांचं नाव यादीत आलं, तेव्हा तर माझी झोपच उडाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. ह्यांच्याच हाडातून पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि सुईनं मज्जारज्जूत सोडायच्या. मज्जारज्जू असतो करंगळीएवढा. सुई तांदळाच्या दाण्याइतकी सरकली तरी उरलंसुरलं जायचं. म्हणून एमआरआयच्या चित्रात बघत बघत सुई न्यायची. सोडलेल्या पेशी पुढे कुठे जातात तेही कळायला हवं, तर त्यांना आधीच लोखंडाचे अतिसूक्ष्म कण लावून ठेवायचे, म्हणजे चित्रात त्या काळ्या दिसतात.

"लोखंडाशी आपलं जमतं," हे म्हणाले. खडकीजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात ह्यांनी तीस वर्षं लेथवर लोखंड कातलं होतं.

बाईंनी कसलंच वचन दिलं नाही. बसताना तोल सांभाळता आला तरी खूप, असं त्या दोनदा म्हणाल्या. ह्यांनी ते एकदाही ऐकलं नाही. घरी येताना रिक्षात ह्यांनी मला विचारलं, माझे काळे बूट कुठे ठेवलेस.

पहिला एमआरआय नीट झाला की नाव पक्कं होणार होतं. एकच जागा उरली होती. त्या सकाळी मी मंगळसूत्र, बांगड्या, डोक्यातल्या पिना, सगळं काढून पिशवीत टाकलं, आणि आत जायचं होतं ह्यांना. तिथली मुलगी एक छापील कागद घेऊन आली. मुलगी नीटनेटकी होती, घाईत नव्हती. शरीरात पेसमेकर आहे का? नाही. स्क्रू, पट्टी? नाही. अपघातानंतर सीटी स्कॅन झाला होता, पण एमआरआय कधीच नाही.

"काका, लेथवर काम केलंय ना? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"नाही," हे म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की माझाही क्षणभर विश्वास बसला. मग स्वयंपाकघरातले आमचे स्टीलचे डबे मला आठवले. ह्यांच्या सेक्शनच्या दारावर एक फळा असायचा. अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा आकडा रोज खडूनं लिहायचे. ठरलेला आकडा गाठला की सेक्शनमधल्या प्रत्येकाला एक डबा. कुणाला काही लागलं की फळा शून्यावर. मग कोण सांगेल? बोट कापलं तरी सगळे चिंधी बांधून घरी जात. एका संध्याकाळी हे उजव्या डोळ्यावर रुमाल दाबून घरी आले. कारखान्याच्या दवाखान्यात गेले नाहीत. बाजारातल्या डॉक्टरांनी वरचा कण काढला आणि म्हणाले, एखादा खोल गेला असेल, मोठ्या दवाखान्यात दाखवा. आम्ही दाखवलं नाही. त्या महिन्यात डबा मिळाला. डाळीचा आहे तो.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना कळलं.

"गप्प बस," हे हळूच म्हणाले. "ही जागा गेली तर परत नाही."

मुलगी कागदावर खूण करून वळली. मी उठले, बसले, परत उठले. एवढी मोठी खोली आणि मला पाय ठेवायला जागा सापडेना. हे चालतील असं मलाही वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू? ते काळे बूट मी पॉलिश करून ठेवले होते. तरी मी दारात त्या मुलीला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

डोळ्याचा एक्स-रे काढला. बुबुळाच्या बराच मागे एक पांढरा ठिपका. डॉक्टरबाई म्हणाल्या, एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं चुंबकच, त्याच्याजवळ गेले असते तर कण हलला असता, डोळा गेला असता. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काढायला गेलं तरी नजर जाण्याची भीती आहे, आहे तसा राहू दे. म्हणजे एमआरआय नाही. एमआरआय नाही म्हणजे सुई नेणार कशाच्या आधारानं? बाहेर दुसऱ्या पेशंटला फोन लागलासुद्धा.

"आणलास फळा शून्यावर," रिक्षात हे एवढंच बोलले.

मग नऊ दिवस काही नाही. चहा दिला की कप घ्यायचे, रिकामा झाला की ठेवायचे. मी पण चिडले होते. डबा मिळवण्यासाठी डोळा लपवणारा माणूस माझ्यावर रागावतो, म्हणजे कमालच झाली. पण ह्यांचे पाय उचलून पलंगावर ठेवताना माझा राग टिकायचा नाही. मी ह्यांची आशा माझ्या तोंडानं मोडली होती आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी डाळ काढायला डबा उघडला आणि सहज बाहेर डोकावले. हे पेपर घेऊन बसले होते. डावा डोळा तळहातानं पक्का झाकलेला, आणि उजव्यानं बारीक अक्षरातली बातमी ओठ हलवत वाचत होते. मी दिसले तरी हात काढला नाही.

"दिसतंय," म्हणाले.

मी डबा घट्ट धरून त्यांच्या शेजारी खाली बसले, आणि बराच वेळ बसून राहिले.