आतून अडकलेले इद्रीसचाचा

रत्नागिरीतल्या राजिवड्याचे इद्रीस होडेकर बावीस वर्षं कुवेतला इमारतींची डागडुजी करत होते. परत आल्यावर हात स्वस्थ बसेनात. कुणी घर विकत घेतंय असं कानावर आलं की चाचा टॉर्च आणि हातोडी घेऊन हजर. पाहुणे म्हणून गेले तरी यजमानाची लादी ठोकून बघायचे. त्यामुळे त्यांची बायको झरीन त्यांना दावतीला न्यायला घाबरायची.

शेजारच्या दीपेश आणि योगिनीला लांज्यातलं एक चिऱ्याचं घर आवडलं. योगिनी म्हणाली, "चाचा, तुम्ही बघितल्याशिवाय आम्ही होय म्हणणार नाही."

घरमालक विनोदरावांनी चहा मांडला होता. चाचा भिंतीकडेच बघत होते. "बाकीच्या भिंती जुन्या, ही एकच नवीन रंगाची कशी?"

"मुलीची हौस!"

चाचांनी भिंतीला तळहात लावला, मग गाल. "हौसेला ओल आलीय."

वाशांना हातोडी लावून त्यांनी वाळवी शोधली, विहिरीत डोकावून पाहिलं आणि शेवटी न्हाणीघरात शिरून दार लावून घेतलं. ते पुन्हा उघडेना.

"दार फुगलंय!" आतून हाक आली.

"पावसात थोडं फुगतं," विनोदराव ओशाळून म्हणाले.

"मे महिना आहे हा!"

विनोदराव सुताराला फोन लावू लागले. आत चाचांचं काम चालूच. "योगिनी, लिही. पाणी मोरीकडे जात नाही, माझ्याकडे येतं. नळ बंद केला तरी ठिबकतो. खिडकीचा गज हलतो."

"चाचा, आधी बाहेर तर या!" विनोदराव काकुळतीला आले.

"मला घाई नाही. दीपेश, सुताराला यायला किती वेळ लागतो, तेही लिही."

पाऊण तासाने बिजागऱ्या काढून चाचांना सोडवलं. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, चेहरा मात्र प्रसन्न. विनोदरावांनी व्यवहाराची आशा सोडलीच होती.

"घर घ्या," चाचा म्हणाले. "चिरा पक्का, पाया सरळ, विहिरीला ऐन मे महिन्यात पाणी. पण यादीतलं सगळं यांनी दुरुस्त करून द्यायचं, मगच सही."

यादी एकोणीस कलमांची होती. विनोदरावांनी कुरकुरत सगळी पुरी केली आणि गणपतीआधी दीपेश-योगिनी राहायला गेले.

दिवाळीनंतर विनोदराव स्वतःच राजिवड्यात आले. "रत्नागिरीत फ्लॅट घेतोय, चाचा. बिल्डर फारच गोड बोलतो. बघायला याल?"

चाचा तोवर चपला घालत होते.