रिसोडच्या दसऱ्याला अडलेली गाडी

बर्माची लढाई जोरात होती तेव्हा मी अकोल्याच्या भरती पार्टीवर ड्रायव्हर-मेकॅनिक होतो. रँक लान्स नायक. पार्टीत सुभेदार साहेब, मी आणि एक मोटार. मोटार कुण्या वकिलाकडून सरकारनं घेतलेली, बारा वर्षांची जुनी. रोज सकाळी सहाला फर्स्ट परेड, म्हणजे पेट्रोल, तेल, पाणी, हवा, बॅटरी तपासायची आणि सातला साहेबांना रिपोर्ट द्यायचा. साहेब साताऱ्याकडचे. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला मुक्काम रिसोडला होता. आठला निघून दुपारी तीनच्या रेल्वेला शेख युसुफला अकोला स्टेशनवर सोडायचं होतं. युसुफ रिसोडचाच, रहीमचाचा कल्हईवाल्याचा एकुलता पोरगा. सुट्टी संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पलटणीच्या डेपोत हजेरी. चुकली तर नुकतीच मिळालेली लान्स नायकाची पट्टी जाणार आणि वर क्वार्टर गार्डची कोठडी. सणामुळं उतारूंच्या सर्व्हिस मोटारी बंद होत्या. पोराची सगळी भिस्त माझ्या गाडीवर.

फौजेत दसऱ्याला शस्त्रपूजा असते. रायफलवाला रायफल पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो आणि चाकापुढं नारळ फोडतो. पण मी पडलो दीडशहाणा! म्हटलं, चाकाचं काय कौतुक, खरं शस्त्र म्हणजे इंजिन. बॉनेट उघडलं, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ तिथंच, इंजिनावर फोडला. अर्धी वाटी युसुफच्या हातावर ठेवली. सातला रिपोर्ट दिला, "गाडी ठीक, साहेब."

आठला हँडल मारलं. गाडी ढिम्म. पुन्हा मारलं. एकदा खोकली आणि गप्प झाली.

"कारण?" साहेब म्हणाले.

"तपासतो, साहेब."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं, साहेब."

ही दहा मिनिटं मी त्या सकाळी पाच वेळा मागितली. हॉर्न दणकून वाजत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग माझा संशय पेट्रोलवर गेला. लढाईच्या दिवसांत पेट्रोलमध्ये रॉकेल मारायचे. कार्बोरेटर उघडला, फुंकला, जोडला. काही नाही. पुन्हा उघडला. तोवर अर्धं रिसोड जमलं होतं आणि जो तो मेकॅनिक झाला होता.

"थंडी बसली असन तिले," एक बागवान म्हणाला. "सुंठीचा काढा पाजा."

"बैल जुपू का?" दुसऱ्यानं विचारलं.

युसुफ खोबरं चावत उभा. "काहून चालू नाई होऊन राह्यली बे? मले कोठडीत घालतं का?"

"चूप बस अन् ढकल!" मी खेकसलो. डोकं तापलं होतं.

ढकलून झालं. दहा वाजले. शेवटी जे पहिल्यांदा करायचं ते केलं. प्लग काढून हँडल फिरवायला लावलं. ठिणगी नाही. कॉइलची तार इंजिनाजवळ धरली. ठिणगी कडक! म्हणजे घोळ दोहोंच्या मध्ये, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये. त्याचं टोपण काढलं तर आत ओल, कुंकवाचा चिखल. मी हात मागं घेतला. रहीमचाचा कधी शेजारी आले कळलं नाही. त्यांनी बोट घातलं, जिभेला लावलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "नारळाचं पानी."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग युसुफच्या हातातल्या वाटीकडं.

"फर्स्ट परेडमध्ये नारळ कधीपासून आला, लान्स नायक?"

मी पेट्रोलच्या चिंधीनं टोपण पुसलं, पण भेगांतली ओल जाईना. चाचांनी ते माझ्या हातून घेतलं. दसऱ्याआधी आठवडाभर गावच्या भांड्यांना कल्हई करून म्हातारा थकला होता, तरी त्यांनी भट्टी पेटवली. बेकलाइटचं टोपण, धग जास्त झाली तर तडकणार. ते हातभर दूर धरून भाता अगदी हळू चालवत होते. मधूनमधून गालाला लावून ऊब बघत.

"पोराची हजेरी नाई चुकली पाह्यजे," एवढंच म्हणाले.

दहा पन्नासला टोपण बसवलं. पहिल्याच हँडलला गाडी चालू! लोकांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी युसुफच्या हातातून खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि गाडीत बसले. मेडशी, पातूर करत दोन पन्नासला स्टेशन गाठलं. युसुफ धावत सुटला. "डेपोत नारळाचं सांगशील तं याद राख!" मी ओरडलो. तो हसला आणि डब्यात चढला.

दुसऱ्या दिवशी जे हजेरीला उभे होते त्यांची तुकडी त्याच आठवड्यात बर्माला गेली. एक जण उशिरा पोचला म्हणून कोठडीत राहिला. तो आज पेन्शन खातो. युसुफ त्याच हिवाळ्यात बर्माच्या लढाईत पडला.

लढाई संपल्यावर रिसोडला गेलो. चाचा कढईला कल्हई करत होते. हातातली कढई पुरी केली. मग म्हणाले, "टोपन तडकलं असतं तं, बेटा?"

"नारळ मी फोडला होता, चाचा," मी म्हणालो. "अन् ठिणगीबी मीच शोधली." रडलो. चाचांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

लान्स नायक शेख युसुफ, राहणार रिसोड. डेपोत वेळेवर हजर झाला होता.