आप्पांचा हनोईचा कोट

कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी व्हिएतनामला पाठवलं तेव्हा मी शिरूरजवळच्या प्लांटमध्ये क्वालिटीला होते. हनोईच्या बाहेर कंपनीचा दुसरा प्लांट आहे. तिथं नव्या मशीनवर काम शिकायचं आणि परत येऊन इथल्यांना शिकवायचं, असं ठरलं होतं. थंडीचे दिवस होते. तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी कोरडी नसते. दिवसभर भुरभुर चालू असते आणि धुतलेलं काही वाळत नाही. मी नेलेल्या पँटी कायम दमट असायच्या. लाइनवर माझ्या शेजारी उभी राहणारी एक मुलगी होती, तिला ते दिसलं. सुट्टीच्या दिवशी तिनं मला स्कूटरवर मागं बसवलं आणि कापडबाजारात नेलं.

बाजार दुमजली होता. खाली कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले आणि मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. वरच्या मजल्यावर शिवणारे. खाली कापड घ्यायचं, वर मापं द्यायची. मैत्रिणीच्या ओळखीची शिवणारी पन्नाशीची बाई होती. गळ्यात टेप आणि कानाला मोबाइल. बोलत बोलतच तिनं माझी मापं घेतली. मी एवढंच सांगितलं की खिसे हवेत, हात जाईल एवढे खोल. पुढच्या आठवड्यात पँट ट्रायलला तयार होती. कंबरेला नीट, लांबीला नीट. शिरूरला रेडिमेड घेतली असती तर तेवढेच पैसे गेले असते आणि वर ती आवळून घ्यायला टेलरकडं खेप घालावी लागली असती.

ही गंमत म्हणून मी घरी फोनवर सांगितली. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुझ्या आप्पांना एक कोट शिव तिथनं."

मागून आप्पांचा आवाज आला, "मला कशाला कोट? मी काय वकील हाय?"

"तुम्ही गप ऱ्हावा," आई म्हणाली.

तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न दौंडच्या मुलीशी ठरलं होतं. मुलीचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. साखरपुड्याला ते निळ्या ब्लेझरमध्ये आले होते आणि फोटोत त्यांच्या शेजारी आप्पा पांढऱ्या नेहरू शर्टात, पायजम्यात, टोपी घालून उभे. फोटोत वाईट काहीच नव्हतं. पण आईनं तो बराच वेळ पाहिला होता. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांनी ते सोडलं, आमच्या गावी निमोण्यात थोडी जमीन केली, म्हशी पाळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी फुल पँट घातल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी आप्पांनी स्वतःच फोन लावला. एरवी ते लावत नाहीत. पाऊसपाणी, कांद्याचा भाव असं बोलून झालं आणि मग ते म्हणाले, "त्या कोटाला बटनं किती असत्यात?"

"दोन नाहीतर तीन. तुम्ही सांगाल तेवढी लावतील."

"दोनच बरी. तीन लावायला येळ जातोय."

पुढच्या सुट्टीला मी पुन्हा बाजारात गेले आणि खालच्या गाळ्यावरून घरी व्हिडिओ कॉल लावला. राखाडी रंगाचं एक लोकरी कापड मैत्रिणीनं काढून ठेवलं होतं. आप्पा म्हणाले, "लोकर खरी हाय का बघ. एक दोरा काढ आन् जाळ." मी ते गाळेवालीला कसं सांगणार? हातानं खूण केली, तर तिनं स्वतःच कोपऱ्यातला दोरा उपसला आणि लायटर पुढं केला. हे तिच्याकडं रोजचंच असावं. आम्ही तिघींनी वास घेतला. थोडा जळक्या केसांचा होता, थोडा प्लास्टिकचा.

"मिक्स आहे, आप्पा."

"मग चालंल. निव्वळ लोकर लगीच कसर खाती."

कोट आणि पँट दोन्हींपुरतं कापड घेऊन आम्ही वर गेलो. शिवणाऱ्या बाईनं भिंतीवरचं माणसाचं चित्र दाखवलं. त्यावर कुठून कुठवर माप घ्यायचं त्याच्या रेघा होत्या. आता ही मापं निमोण्यात आईनं घ्यायची आणि मी इथं बाईला आकडे सांगायचे. आईनं शेजारणीकडून टेप आणला होता. फोन पिठाच्या डब्याला टेकवला होता, त्यामुळं मला दोघं छातीपासून वरच दिसत होते.

"जरा मागं सरका," मी म्हणाले. दोघंही एकदम मागं सरकले.

आप्पांनी पोलिसांनी धरल्यागत दोन्ही हात वर केले. आई टेप घेऊन पुढं झाली आणि थांबली. माझ्यादेखत तिनं आप्पांना कधी हात लावलेला मला आठवत नाही. जेवणाचं ताटसुद्धा ती खाली ठेवून पुढं सरकवते. छातीचं माप घ्यायचं तर मिठी घातल्यासारखे दोन्ही हात मागं न्यावे लागतात. तिनं ते नेले. तिचं डोकं आप्पांच्या खिशापाशी आलं. आप्पा वर पत्र्याकडं बघत राहिले. टेपचं दुसरं टोक तिला सापडेना.

"उजव्या हाताला हाय," आप्पा पत्र्याकडं बघतच म्हणाले.

"दिसतंय मला. तुम्ही श्वास सोडा आदी. पोट आत वढलंय."

"न्हाई वढलं."

"व्हय, वढलंय. कोट शिवून आल्यावर काय श्वास धरूनच बसनार हाय का मांडवात?"

आप्पांनी श्वास सोडला. आकडा बराच वाढला. मी तो मैत्रिणीला सांगितला आणि तिनं शिवणाऱ्या बाईला. बाई फोनमध्ये बघून हसली आणि अंगठा वर केला. आईनं पदर सारखा केला.

खांद्याचं माप झाल्यावर आई म्हणाली, "त्या बाईला सांग, डावा खांदा उतरता हाय म्हनावं."

"कुनाचा?" आप्पांनी विचारलं.

"तुमचाच. दुधाच्या किटल्या वाहून वाहून. शर्ट वाळत घातला तरी एका अंगानं खाली येतोय."

आप्पांनी मान वळवून आधी एक खांदा पाहिला, मग दुसरा. मीही तिकडं टक लावून पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहिले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी शिवणाऱ्या बाईला हातानं खूण करून दाखवलं. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि डाव्या बाजूला आतून भर घालीन, असं मैत्रिणीकरवी सांगितलं. फोन बंद करताना आई म्हणाली, "झालं ना? मला धारंला जायचंय."

निघायच्या आदल्या दिवशी कोट आणि पँट हातात आली. दर मैत्रिणीनंच कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून कमी करून घेतला होता. घरी आल्यावर आप्पा दोन्ही घेऊन खोलीत गेले, दार लावलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई दाराबाहेर उभी राहिली. शेवटी ते आले, कोट घालून, पण खाली पायजमाच. पँटीत पाय कोंडतात म्हणाले. कोट मात्र अंगावर असा बसला होता की आई दोनदा वळून बघत चहा टाकायला गेली. बरीच समजूत घातल्यावर लग्नापुरती पँट घालायला ते तयार झाले.

लग्न दौंडला होतं, मार्चअखेरीला. हॉलमध्ये पंखे होते, पण ते वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होते. आप्पांनी कोट दिवसभर काढला नाही. व्याही भेटले तेव्हा त्यांनी कापड बोटात धरून पाहिलं.

"शिलाई झकास आहे. कुठली?"

"हनोई."

"लक्ष्मी रोडला आहे का हे दुकान?"

"न्हाई, व्हिएतनामला," आप्पा म्हणाले, शेजारचं भांडगाव म्हणावं तसं.

अजून फेटे बांधले नव्हते आणि कोटावर आप्पांनी टोपीही घातली नव्हती. आमच्या गावची बस आली आणि माणसं आत यायला लागली. आप्पा दारातच उभे होते, पण लोक त्यांच्या बाजूनं पुढं जात होते आणि आत जाऊन विचारत होते, नवरदेवाचा बाप कुठं हाय? आईच्या नात्यातले एक म्हातारे मामा आप्पांपाशीच थांबले आणि त्यांनी विचारलं, "साहेब, जेवायची सोय कुठं हाय?"

मी पुढं होऊन सांगणार होते. आप्पांनी हातानंच मला थांबवलं.

"डाव्या हाताला जावा, आबा. पहिली पंगत आत्ता बसंल," ते म्हणाले. मामा निघून गेले. आप्पा तिथंच उभे राहून येईल त्याला जेवणाची, पाण्याची, चपला ठेवायची जागा दाखवत राहिले. अर्ध्या गावानं त्यांना हॉलचा मॅनेजर समजून विचारलं असेल. त्यांना घाम फुटला होता, पण चेहरा खुशीत होता. अक्षतांच्या वेळी फेटा चढला तेव्हा कुठं मामांनी त्यांना ओळखलं आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

पँट पुढं भावाकडं गेली. त्यानं ती शिरूरला आवळून घेतली आणि ऑफिसला घालतो. कोट काही महिने कपाटात होता. थंडी पडल्यावर आप्पा तो पायजम्यावर चढवून सकाळी डेअरीला जायला लागले. आईला ते पसंत नाही. शेणाचा वास लागतो, दुधाचे डाग पडतात, असं ती म्हणत असते. आप्पा म्हणतात, कपाटात ठेवून काय पूजा करायची हाय?

डेअरीवरची दोन-चार माणसं मध्यंतरी घरी येऊन गेली. त्यांनाही असेच कोट हवे होते. एकानं तर बायकोकडून मापं घेऊनच आणली होती. त्यांना चहा दिला आणि सांगितलं की आता तिकडं जाणं होणार नाही. ते ट्रेनिंग हल्ली ऑनलाइन असतं.