रिकाम्या खुर्चीवरचा दिवा

आमच्या घरात कोणी साधी दृष्टसुद्धा काढत नाही. असे अनुभव वाचून हसणाऱ्यांतलीच मी... त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण घरी सांगवत नाही, आणि मनातून जातही नाही.

मी सिंगापूरच्या एका कॅसिनोत फ्लोअर अटेंडंट आहे. प्रत्येक स्लॉट मशीनच्या डोक्यावर एक उभा दिवा असतो, आम्ही त्याला 'कँडल' म्हणतो. खेळणाऱ्याने मदतीचं बटण दाबलं की तो लुकलुकतो. आम्ही जायचं, काय हवं ते विचारायचं, गळ्यातलं कार्ड वाकून मशीनला लावायचं — दिवा बंद.

साठेकाका आमच्याकडे नेहमी येणारे. रिटायर्ड मरीन इंजिनियर, काकू गेल्यापासून चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये एकटेच. दुपारी येऊन खांबाशेजारच्या ठरलेल्या मशीनवर बसायचे. खेळणं कमी, बटण दाबणंच जास्त! मी धावत गेले की म्हणायचे, "काही नाही गं मनीषा, मराठी ऐकावंसं वाटलं." मी हसायचे. खरं सांगायचं तर कधी कधी वैतागायचेही.

त्या दुपारी काका आले नव्हते. तरी खांबाजवळचा दिवा लुकलुकताना दिसला. गेले, तर खुर्ची रिकामी. कार्ड लावून बंद केला. पाठ वळते न वळते तोच पुन्हा सुरू! परत गेले, परत बंद केला... असं चालूच राहिलं. आसपास चिटपाखरू नाही.

एकदा मनात आलं — काकांना फोन करून बघावा का? फोन लॉकरमध्ये होता. ब्रेकमध्ये करू म्हटलं, आणि ब्रेकमध्ये चहा पीत बसले.

शेवटी फैझल नावाच्या टेक्निशियनला बोलावलं. त्याने मशीन उघडून सगळं तपासलं. "मशीन ओके लाह. नोबडी प्रेस," तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. दिवा त्याच्या डोक्यावर लुकलुकतच होता. मी म्हटलं, वायरच काढ बाबा, सुपरवायझरला मी सांगते. त्याने वर हात घालून वायर ओढली. दिवा विझला आणि मला हायसं वाटलं... ते हायसं वाटणंच आता सहन होत नाही.

संध्याकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत असताना काकांच्या मुलीचा, केतकीचा फोन आला; काकांनी तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. "बाबा बाथरूममध्ये पडले. दुपारभर तसेच पडून होते गं... शेजारच्या मलय आजींना कण्हणं ऐकू आलं म्हणून कळलं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर मी हॉस्पिटलमध्ये गेले. मला बघून काकांचा चेहरा उजळला.

"आलीस? त्या दिवशीपण किती वेळा आलीस!"

"मी? कुठे, काका?"

"बाथरूममध्ये. वाकायचीस, तुझं ते कार्ड माझ्या तोंडासमोर लोंबायचं. मी म्हणायचो, मनीषा, हात दे. तू आपली सरळ उभी राहून निघून जायचीस." जरा दम घेऊन म्हणाले, "मग तो माणूस आणलास. त्याने वर हात घातला... आणि सगळा अंधार."

केतकीने मला बाजूला घेतलं. "लक्ष नको देऊस. औषधांमुळे बडबडतायत." मी मान हलवली. दिव्याबद्दल मी तिला, कामाबाहेर कोणालाच, एक अक्षर बोलले नव्हते. फैझल तर काकांना ओळखतही नाही.

आता काका केतकीकडे वुडलँड्सला असतात, वॉकर घेऊन चालतात. मी सुट्टीच्या दिवशी जाते, भाजी-भाकरी नेते, तासभर मराठीत गप्पा मारते. केतकी म्हणते, सख्खं कोणी एवढं करत नाही. ते ऐकून मला मान वर करवत नाही.

काका त्या दिवसाचा विषय पुन्हा काढत नाहीत. फक्त मी निघायला उठले, की माझा हात घट्ट धरतात आणि म्हणतात, "थांब ना जरा." आणि मी परत बसते.